तुम्ही हे कशासाठी करता?



डिसेंबर २०२१ मधली एक संध्याकाळ. उपासनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दिवे लागले होते, सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि आम्ही चौघे स्वयंसेवक सात मुलांसमोर बसलो होतो. दिवाळीपूर्वी त्याच सतरंज्यांवर सव्वीस मुले दाटीवाटीने बसत. साडेसातच्या सुमारास एक आई मुलीला न्यायला आली. रोज ती फाटकाशीच थांबायची. त्या दिवशी चपला काढून आत आली, मुलीचे दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवले आणि आमच्यातल्या शिक्षिकेला म्हणाली, "बाई, फी घेत नाहीसा. वह्यासुद्धा तुम्हीच देतासा. मग हे सगळं करतासा कशासाठी? खरं काय ते सांगा की."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणीतरी म्हणाले, "सेवा म्हणून, ताई." तिने मान हलवली आणि मुलीचा हात धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर सहाच मुले होती.

हा प्रश्न आमच्या मनातून आजही गेलेला नाही. त्याने आमच्या मंडळीला काय शिकवले, ते आज सांगायचे आहे.

आमचे उपासनालय बेळगाव शहराच्या जुन्या भागात आहे. समोर भांड्यांची आणि किराणा मालाची दुकाने, बाजूला गोदामे, मागे एकाला एक चिकटलेली घरे. एका खोलीत दोन-दोन पिढ्या राहतात. कोणी हमाली करतो, कोणी दुकानात कामाला आहे, कोणी वडगाव-शहापूरकडे मागावर जातो. बायका टिळकवाडीपर्यंत धुणीभांडी करायला जातात. एके काळी आमच्या मंडळीची बहुतेक कुटुंबे याच गल्ल्यांत राहत होती. घंटा झाली की लोक चालत उपासनेला येत. पुढे मुले शिकली, नोकऱ्या लागल्या आणि एकेक घर शहराबाहेरच्या वसाहतींत गेले. आता रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये दुचाक्या आणि मोटारी लागतात, उपासना होते, चहा होतो आणि साडेअकराला फाटकाला कुलूप पडते.

जिथे आपण उपासना करतो तिथे आपण राहत नाही, आणि जे तिथे राहतात ते उपासनेला येत नाहीत. शहरांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या अनेक मंडळ्यांची आज हीच स्थिती आहे. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की ज्या नगरात मी तुम्हाला नेले आहे त्याचे कल्याण पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आम्ही नगरासाठी प्रार्थना दर रविवारी करीत होतो. फाटकासमोरच्या घरात कोण राहते, हे मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होते.

फाटक उघडले ते पावसामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये जिल्ह्यात महापूर आला, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. बळ्ळारी नाल्याचे पाणी वस्त्यांत शिरले. जुन्या भागात मातीच्या भिंती भिजून खचल्या. आमच्या मागच्या गल्लीतली पाच कुटुंबे उघड्यावर आली. पाळकसाहेबांनी कोणाला न विचारता हॉल उघडून दिला. ती कुटुंबे नऊ दिवस तिथे राहिली. महिला मंडळाच्या भगिनींनी पिठलेभात केला, तरुण संघाने चादरी गोळा केल्या. मुलांची पुस्तके भिजली होती. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ती दोरीवर वाळत घातली आणि वाळेपर्यंत मुलांना फळ्यावर पाढे शिकवले. कुटुंबे आपापल्या घरी परतल्यावरही मुले संध्याकाळी येतच राहिली. आमची अभ्यासिका अशी सुरू झाली. कोणी ठराव केला नव्हता.

मुले मराठी शाळांतली. घरी अभ्यासाला कोपरा नाही. गणित अवघड जाते, इंग्रजी त्याहून अवघड. कन्नडचा पेपर आला की पोटात गोळा येतो, कारण ती भाषा घरात कोणी बोलत नाही. आम्ही त्यांना फार मोठे काही देत नव्हतो. दिवा, सतरंजी, दोन तास शांतता आणि अडले तर सांगणारे माणूस, एवढेच.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. माग थांबले, दुकाने बंद झाली, धुण्याभांड्यांची कामे सुटली. मंडळीने तांदूळ, डाळ, तेल, साखर यांच्या पिशव्या भरून गल्लीत वाटल्या. देवाच्या कृपेने कोणी उपाशी राहिले नाही, याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवसांत आम्ही एक चूक केली. प्रत्येक पिशवी देताना फोटो काढला. एका भगिनीने पिशवी घेतली आणि फोटोच्या क्षणी पदर तोंडावर ओढून मान फिरवली. आम्ही तो फोटोही इतर फोटोंबरोबर सूचनाफलकावर लावला. खाली लिहिले, "मंडळीचे मदतकार्य". उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये असे शिकवणारा आमचा प्रभू, आणि आम्ही तर गल्लीची लाज फलकावर टाचण्यांनी टोचून ठेवली होती.

आणि एक चूक त्याच्याही आधीची. २०१९ च्या नाताळात रविवारच्या शाळेच्या नाटुकलीत मेंढपाळ कमी पडले. अभ्यासिकेतली दोन मुले समोरच होती. त्यांच्या डोक्यांना टॉवेल गुंडाळले, हातांत काठ्या दिल्या आणि त्यांना उभे केले. मुलांना गंमत वाटली, आम्हालाही. घरी मात्र कोणी विचारले नाही. आम्हाला त्यात काही वावगे वाटलेच नाही.

या सगळ्यानंतर डिसेंबर २०२१ आला. आपल्याच शहरात, सुवर्ण विधानसौधात, हिवाळी अधिवेशन भरले आणि धर्मांतरासंबंधीचे विधेयक विधानसभेत संमत झाले. त्याच्या आधीपासूनच गल्लीबोळांत बोलणे सुरू होते. "चर्चवाले मुलांना फुकट का शिकवतात?" असे कोणी तरी कोणाला विचारे आणि ऐकणारा मुलाला घरी ठेवी. कोणी भांडायला आले नाही, कोणी दगड मारला नाही. सतरंजीवरची जागा तेवढी रोज वाढत गेली.

पंच कमिटीची बैठक बोलावली गेली. खजिनदारकाका म्हणाले, "हॉलचं छप्पर गळतंय. शेजारचे दुकानदार गोदामासाठी भाडं द्यायला तयार आहेत. सहा मुलांसाठी एवढी जोखीम कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरुणांपैकी एकजण म्हणाला, "दार लावून घेऊ आणि गाजावाजा न करता चालू ठेवू." तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी, ज्या सहसा बैठकीत बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "दार लावून केलेलं चांगलं कामसुद्धा चोरीसारखं दिसतं, बाळा. ते राहू दे. त्या बाईनं विचारलं होतं ना, कशासाठी करता म्हणून? तिला उत्तर काय दिलंत?"

कोणीच बोलेना. कारण "सेवा म्हणून" हे उत्तर नव्हते, सुटका होती. त्या रात्री आम्ही बैठक थांबवून प्रार्थना केली आणि मग प्रत्येकाने आपापले खरे सांगितले. एकाने कबूल केले की वार्षिक अहवालात दाखवायला हे काम छान दिसते. एकीने सांगितले की शहराबाहेर मोठे घर झाल्यापासून या गल्लीत यायला अपराधी वाटे, ते दोन तास शिकवून हलके होते. एकाने म्हटले की कधीतरी ही मुले रविवारी येतील, बाकडी भरतील, अशी आशा मनात होती. ही सगळी कारणे आपल्या स्वतःसाठीची होती. त्या आईला त्यांचा वास आला असेल, तर चूक तिची नव्हती.

आपल्या मंडळ्यांना हा प्रश्न नवा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. तेव्हापासून मिशनच्या शाळेत मूल पाठवणाऱ्या आईबापांच्या मनात हीच धास्ती असे. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले. त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक नवख्रिस्ती घराने या धास्तीची दुसरी बाजूही भोगली आहे. पंडिता रमाबाईंना तर ती फार जवळून भेटली. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि शारदा सदनातल्या काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली पालकांनी अनेक मुली सदनातून काढून नेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. पण एक गोष्ट आम्हाला दिसते. रमाबाईंनी दार बंद केले नाही आणि कामही बंद केले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना आधार देऊन घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले.

सुवार्ता सांगणाऱ्या मंडळ्यांमध्ये आतूनही हा वाद फार जुना आहे. आत्म्यांची चिंता वाहायची की भाकरीची? जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरच्या सुवार्तावादी मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. तिथे तयार झालेल्या करारनाम्यात, ज्याच्या लेखनात जॉन स्टॉट यांचा मोठा वाटा होता, सुवार्ता आणि समाजाप्रती जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत असे मान्य केले गेले. दोन्ही कर्तव्ये आहेत. पण एक दुसऱ्याचे आमिष नव्हे. गणिताची वही ही सुवार्तेची किंमत नाही आणि सुवार्ता ही वहीची किंमत नाही.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आठवते का? प्रभूला तिला काही द्यायचे होते. पण त्याने सुरुवात देण्याने केली नाही, मागण्याने केली. तहानलेला, थकलेला असा तो विहिरीवर बसला आणि तिच्याकडे पाणी मागितले. आम्ही गल्लीला भात दिला, चादरी दिल्या, पिशव्या दिल्या, वह्या दिल्या. गल्लीकडे कधी घोटभर पाणी मागितले नव्हते. नुसते देत राहणारा शेजारी हळूहळू धनी होतो, आणि धन्याच्या मनात काय आहे याची भीती कोणालाही वाटणारच.

दुसऱ्या दिवशी आजी आणि आमच्यातले दोघे त्या ताईंच्या घरी गेलो. खोली लहान, पण लख्ख झाडलेली. बसायला पाट मिळाला. आजींनी आधी पाणी मागितले. मग आम्ही बोललो. म्हणालो, "ताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला आलोय. आम्ही येशू ख्रिस्ताची माणसं आहोत, हे लपवत नाही. त्यानं आमच्यावर प्रीती केली, म्हणून शेजाऱ्याशी असं वागायचं आम्हाला शिकवलंय. तुमच्या मुलीनं त्याबदल्यात काही व्हावं, असं नाही."

त्या ऐकत होत्या. मग उठून फळीवरच्या डब्यातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. डोक्याला टॉवेल, हातात काठी, ओठांवर हसू. नाटुकलीतला मेंढपाळ. तो त्यांचा थोरला मुलगा होता. "हा फोटो मला शेजारणीनं दाखवला," त्या म्हणाल्या. "माझं पोरगं स्टेजवर उभं केलंसा आणि मला शेजारणीकडनं कळलं. त्याच्या बापानं काय म्हणायचं?"

आमच्याजवळ काही बचाव नव्हता. आजी म्हणाल्या, "चुकलं आमचं. पोर तुमचं, विचारायचं तुम्हाला होतं. माफ करा." बराच वेळ त्या गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे असं आधी सांगायचं की." आणि चहा टाकायला उठल्या. चहा देताना आणखी एक सांगितले. "आणि बाई, तुमच्यात कन्नड कुणाला नीट येत नाही. पोरं चुकीचं शिकून येत्यात. मागच्या घरात गुरुजी हाईत, रिटायर झालेत. त्यांना विचारा."

आम्ही गुरुजींकडे गेलो. त्यांच्या दारावर गणपतीची तसबीर, कपाळाला गंध. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मी तुमच्या प्रार्थनेला बसणार नाही." पाळकसाहेब म्हणाले, "नका बसू, गुरुजी. साडेसहाला या, प्रार्थना आम्ही मुलं गेल्यावर करतो." गुरुजी दुसऱ्याच दिवसापासून येऊ लागले. आमच्या हॉलमध्ये कन्नडची बाराखडी त्यांच्याच आवाजात घुमू लागली.

मग आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. अभ्यासिकेची दारे-खिडक्या उघड्या राहतील. काय शिकवतो, कधी शिकवतो, कोण शिकवते, हे बाहेरच्या फळ्यावर लिहिलेले असेल. मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत. मंडळीच्या कोणत्याही कार्यक्रमात घरच्यांना विचारल्याशिवाय मूल उभे केले जाणार नाही. सूचनाफलकावरचे पिशव्यांचे फोटो त्याच रात्री उतरवले. आणि महिन्यातून एकदा पालकांना बोलावून विचारायचे, आमचे काय चुकते आहे?

यावर आमच्याच एका बांधवाने नाराजी दाखवली. ते म्हणाले, "मुलांसमोर प्रार्थना नाही, गीत नाही. मग आपल्यात आणि एखाद्या समाजसेवी संस्थेत फरक काय?" प्रश्न प्रीतीने विचारलेला होता आणि आम्हीही त्याच्याशी झगडलो. आमचे उत्तर असे: फरक दाखवण्याची घाई आपल्याला का असावी? ज्याने रात्रभर श्रम करून काहीच हाती न लागलेल्या शिष्यांसाठी किनाऱ्यावर निखारे पेटवून मासळी भाजून ठेवली, त्याने आधी त्यांना जेवायला बोलावले. आपल्याला कोणी विचारले तर आपण आनंदाने आणि न घाबरता सांगू. त्या ताईंनी विचारले, तेव्हा सांगितले. तोवर आपले वागणे हीच आपली साक्ष आहे, आणि ती खोटी निघाली तर कितीही गीते तिला सावरू शकणार नाहीत. ते बांधव पूर्ण पटले असे नाही. पण आता दर बुधवारी गणित शिकवायला तेच येतात.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. जूनपर्यंत चौदा मुले परत आली, सव्वीस कधीच झाली नाहीत. ती मुलगी आली, पण तिचा थोरला भाऊ आला नाही. गल्लीत समोरून आला तर तो मान वळवतो. त्याचा विश्वास आम्ही एका नाटुकलीसाठी खर्च केला, आणि तो परत मागण्याचा हक्क आम्हाला नाही. त्याच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. तो अभ्यासिकेत यावा म्हणून नव्हे, त्याचे बरे व्हावे म्हणून.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात रात्री कंपाउंडची मागची भिंत कोसळली. आमच्यापैकी कोणीही जवळ राहत नव्हते. सकाळी पोहोचलो तेव्हा दगड बाजूला रचलेले होते, हॉलच्या उघड्या पडलेल्या बाजूला ताडपत्री बांधलेली होती आणि मुलांची पुस्तके कोरड्या कोपऱ्यात हलवलेली होती. गुरुजी छत्री घेऊन उभे होते. आम्ही आभार मानू लागलो तेव्हा त्या ताई म्हणाल्या, "आता आभार कशाला? किल्ली नव्हती म्हणून खिडकीतनं जावं लागलं. एक किल्ली आमच्याकडं ठेवा की."

एवढ्या वर्षांत गल्लीने आमच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. फाटकाची एक किल्ली तेव्हापासून त्यांच्या फळीवरच्या डब्यात असते.

प्रिय वाचकहो, तुमचीही मंडळी शहराच्या मध्यभागी कुठेतरी उभी असेल. इंदूरला असेल, हैदराबादेत असेल, वडोदऱ्यात असेल. पुढच्या रविवारी मोटारीत बसण्यापूर्वी फाटकाबाहेर दोन पावले चालून जा. समोरच्या घरात कोण राहते ते विचारा, आणि शक्य झाले तर घोटभर पाणी मागा. आणि कोणी तुम्हाला विचारले की हे कशासाठी करता, तर उत्तर देण्याआधी ते स्वतःला एकदा विचारून घ्या.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू विहिरीवर बसून पाणी मागितलेस. आम्हालाही मागायला शिकव. आमच्या देण्यात जो गर्व आणि जो स्वार्थ दडलेला आहे, तो आम्हाला दाखव आणि त्याची क्षमा कर. ज्यांचा विश्वास आम्ही दुखावला त्यांना तू सांभाळ. आमच्या गल्लीचे कल्याण कर, आणि आमचे दार उघडे राहू दे. तुझ्या नावाने मागतो. आमेन.